सात वर्षं एमपीएससी केली, आता सोडली. 'काय करतोस' विचारलं की तोंडातून शब्दच फुटत नाही

टेबल नंबर ४२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथं फोरमवर नुसतं वाचतोय, लिहायची पहिलीच वेळ, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी ३१ वर्षांचा. गाव सांगोला तालुक्यात. घरी डाळिंबाची बाग होती, तेल्या रोग आला, काढून टाकली, आता मका आणि दोन गाई. २०१६ ला मेकॅनिकल झालो, २०१७ च्या जूनमध्ये पुण्यात आलो आणि एमपीएससी धरली. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, एका खोलीत पाच जण, एक आरसा. राज्यसेवेची मेन्स तीनदा दिली, एकदा इंटरव्ह्यूपर्यंत गेलो, फायनल लिस्टला ४ मार्कांनी राहिलो. कंबाईनला (गट ब ची संयुक्त परीक्षा) एसटीआयच्या, म्हणजे विक्रीकर निरीक्षकाच्या वेळी दीड मार्कानं. ज्यांनी ही परीक्षा दिलीये त्यांना ४ मार्क म्हणजे काय ते सांगायला नको, बाकीच्यांनी सोडून द्या.

२०२१ च्या मार्चमध्ये १४ तारखेची पूर्व परीक्षा तीन दिवस आधी पुढं ढकलली, आठवत असेल, तेव्हा शास्त्री रोडवर आंदोलनाला जी पोरं बसली होती त्यात मी पण होतो. परीक्षा मग २१ ला झाली. त्या रात्रीचा फोटो अजून फोनमध्ये आहे. आणि खरं सांगू का, सात वर्षांत 'आपण कोणीतरी आहोत' असं सगळ्यात जास्त मला त्या रात्री वाटलेलं, अन् ती रात्र परीक्षा होत नाही म्हणून होती.

गेल्या नोव्हेंबरात सोडली. काही नाट्य वगैरे नाही झालं. नवा वर्णनात्मक पॅटर्न, नऊ पेपर, सगळं पहिल्यापासून, म्हणून अप्पा बळवंत चौकातून नव्या वह्या आणल्या, पहिल्या वहीवर नाव टाकलं, खाली 'इतिहास' लिहिलं आणि तिथंच पेन थांबलं. अर्धा तास नुसता बसलो. मग अभ्यासिकेतलं माझं ४२ नंबरचं टेबल होतं तिथली उशी, पाण्याची बाटली आणि भिंतीवर चिकटवलेला नकाशा काढला अन् आलो. नकाशा काढताना रंग पण निघाला भिंतीचा.

आता वाघोलीला एका वेअरहाऊसमध्ये आहे. इन्व्हेंटरी बघतो, १९ हजार मिळतात, काम वाईट नाही, माणसं पण बरी आहेत. प्रॉब्लेम तो नाहीच. प्रॉब्लेम असा की सकाळी साडेपाचला आपोआप जाग येते आणि मग कळत नाही कशासाठी उठलो. पेपर वाचताना अजून हातात पेन असतं, समितीचं नाव आलं, अध्यक्ष कोण हे आलं की खाली रेघ मारली जाते. परवा सुपरवायझरनं विचारलं, पेपरवर कसल्या खुणा करतोस रे, तर मी म्हणलं सवय. पुढं त्यानं काही विचारलं नाही पण मला दिवसभर कसंतरी होत होतं.

गावाकडं दोस्तांच्या फोनमध्ये माझा नंबर 'साहेब' म्हणून सेव्ह आहे. आई शेजाऱ्यांना अजून सांगते, पुण्याला असतो, परीक्षा देतो. मी तिला सांगितलंय सोडली म्हणून, ती हो म्हणते आणि परत तेच सांगते. आणि सगळ्यात वाईट काय तर माझं वय अजून बसतं, ओपनला ३८ पर्यंत आहे. यूपीएससीत सहा अटेम्प्ट संपले की दार बंद होतं, माणूस सुटतो तरी. इथं दार उघडंच राहतं अन् आपण आपलं दारात उभं.

पुढच्या महिन्यात चुलत बहिणीचं लग्न आहे. सगळे भेटणार, सगळे विचारणार. तर ज्यांच्या हातून असं काही सुटलंय, नोकरी म्हणा, गाव म्हणा, माणूस म्हणा, त्यांनी 'मी कोण' याचं परत कसं जमवलं? 'सगळं छान होईल', 'देवाच्या मनात काहीतरी मोठं असेल' असलं कृपया नको, ते व्हॉट्सअॅपवर रोज येतं.

स्पष्ट बोलतो राग नसावा

भाऊ ओळख बिळख हे पोट भरलेल्यांचे प्रश्न आहेत. महिना १९ हजार येतायत ना? येत राहू दे. दोन वर्षांत ३० होतील, लग्न होईल, पोरं होतील, मग 'मी कोण' विचारायला टाइम मिळणार नाही. तुमच्या पिढीला विचार करायची फार सवय, त्यात एमपीएससीवाल्यांना जास्तच.

टेबल नंबर ४२

पगार चालू आहे हे मी वर लिहिलंय दादा. विचार करायची सवय मात्र खरी आहे, सात वर्षं त्याचीच फी भरली.

डबेवाली काकू

बाळा, मी नव्या पेठेत डबे देते. चौदा वर्षं झाली. सकाळी पंचावन्न जातात, संध्याकाळी साठेक. तुझ्यासारखी पोरंच जेवतात माझ्याकडं, कोण जाणे तू पण जेवला असशील, रविवारी रात्री बंद असतो तो डबा माझा.

तुम्हा पोरांचं एक सांगते. पास झालेली पेढे घेऊन येतात, पाया पडतात, माझ्याबरोबर फोटो काढतात. सोडून जाणारी सांगत नाहीत. रात्री साडेअकराला मेसेज येतो, 'काकू उद्यापासून डबा बंद करा'. पैसे फोनवर आलेले असतात, रुपया कमी नाही, पण तोंड दाखवत नाहीत. एक पोरगं सहा वर्षं जेवलं माझ्याकडं. त्याला आमटीत गूळ चालायचा नाही, त्याच्यापुरती आधी काढून ठेवायचे. ते एक दिवस रिकामा डबा घासूनपुसून दारात ठेवून गेलं. बेल पण नाही वाजवली. मला काय कलेक्टर हवा होता का रे? मला आमटी बाजूला काढायची का नाही एवढंच कळायला हवं होतं.

आता तू विचारलंस त्यावर माझं सांगते. आमच्याकडं लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो. मला कोणी विचारलं नव्हतं, तेव्हा विचारायची पद्धतच नव्हती. माहेरचं नाव चार अक्षरी होतं, ताटात तीन अक्षरी आलं. पहिली दोनतीन वर्षं कोणी हाक मारली की माझं लक्षच जायचं नाही, सासूबाईंना वाटायचं ऐकायला कमी येतं हिला. मग सवय झाली. इतकी झाली की भाऊ माहेरच्या नावानं बोलवायचा तेव्हा ती कोणीतरी दुसरीच, परकर नेसलेली, विहिरीवर पाणी भरणारी मुलगी आहे असं वाटायचं.

हे गेले तेव्हा मी बेचाळीसची होते. तेराव्यानंतर कागद काढले तर दहावीचं सर्टिफिकेट एका नावाचं, रेशनकार्ड दुसऱ्या नावाचं, आणि विम्याच्या पॉलिसीत यांनी वारस म्हणून घरात लाडानं हाक मारायचे ते तिसरंच नाव घातलेलं! पैसे मिळेनात. शेवटी एका वकिलानं सांगितलं प्रतिज्ञापत्र करा. तिथं टाइपवाल्यानं ठरलेला मजकूर काढून दिला, 'वरील तिन्ही नावे एकाच व्यक्तीची असून सदर व्यक्ती मीच आहे'. सही करायच्या आधी वाचून बघा म्हणाला तर मी मोठ्यानं वाचलं आणि मला हसू आलं. नवरा जाऊन दोन महिने झालेली बाई त्या पत्र्याच्या शेडखाली हसतीये, सगळे बघायला लागले. पण मला खरंच कोणीतरी ते लिहून दिल्यासारखं वाटलं बघ. तो कागद अजून आहे माझ्याकडं, लॅमिनेट करून ठेवलाय.

डबे नंतर सुरू केले. पहिले सहा महिने पोळ्या मोजताना वहीत कुठलं नाव लिहू कळायचं नाही म्हणून नुसतं 'डबा' लिहायचे. आता सगळा मजला मला डबेवाली काकू म्हणतो, म्हणजे चौथं झालं.

तू एक कर, ज्यांच्याकडं जेवत होतास त्यांच्याकडं एकदा जाऊन ये. पेढे नको नेऊस.

लालबागकर

काकूंचा प्रतिसाद वाचून दोन मिनिटं थांबलो. मग म्हटलं आपल्या घरातलं पण लिहावं.

माझे वडील कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामाला होते. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला तेव्हा मी आठ वर्षांचा. अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले, संपाचे नेते डॉक्टर दत्ता सामंतांवर लोकांचा इतका विश्वास की दोनतीन महिन्यांत मिटेल असं प्रत्येक जण म्हणायचा, उधारी पण त्याच हिशोबानं काढलेली. तो संप कधी मिटलाच नाही, अधिकृतपणे कोणी मागेही घेतला नाही. वडिलांना ९५ साली सुद्धा कोणी विचारलं काय करता, तर ते म्हणायचे, संपावर आहे. विनोद म्हणून म्हणायचे पण पूर्ण विनोद नव्हता तो.

आमच्या मजल्यावर त्रासन खात्यातले, म्हणजे सूत कातायच्या खात्यातले एक काका होते. वडील आणि ते एकाच वयाचे, एकाच जिल्ह्यातले, दोघं पहिल्या पाळीला बरोबर निघायचे. संपानंतर काय झालं, त्यांच्या बायकोनं सकाळी डबा भरायचं बंद केलं तर काका चिडायचे. मग भरून द्यायच्या. काका साडेसहाला डबा घेऊन निघायचे, कुठं जायचे माहीत नाही, संध्याकाळी चारला परत. डबा रिकामा असायचा. हे जवळजवळ वर्षभर चाललं. आम्ही पोरं हसायचो, मला आता त्याची लाज वाटते. नंतर त्यांनी दारू धरली, मग गावी गेले, आणि ८७ ला तिकडून पत्रच आलं. माणूस वाईट नव्हता, मशीनवर उभा केला असता तर चार लोकांचं काम एकट्यानं केलं असतं, पण त्यांच्याकडं गिरणी सोडून दुसरं काहीच नव्हतं. काही म्हणजे काही नाही.

वडील त्यांच्यापेक्षा शूर होते असं अजिबात नाही. घरात भांडणं व्हायची, आईनं शिवणावर घर ओढलं, हे दादरहून भाजी आणून विकायचे आणि त्यातही तोटा करून यायचे कारण गिऱ्हाईकाला नाही म्हणता यायचं नाही. पण त्यांच्या आयुष्यात आणखी दोन गोष्टी होत्या ज्यांचा गिरणीशी संबंध नव्हता. एक म्हणजे पखवाज, गुरुवारच्या भजनाला हेच लागायचे. दुसरं, गावच्या मंडळाची वर्गणीची वही यांच्याकडं असायची, अक्षर चांगलं म्हणून. संपाच्या पहिल्या गणपतीत कोणाकडं वर्गणीला पैसेच नव्हते, तरी हे वही घेऊन गाळ्यागाळ्यात फिरले आणि प्रत्येकाच्या नावापुढं 'येणे बाकी' लिहून आले. आई म्हणायची काय उपयोग, तर म्हणाले नाव तर लिहून झालं. ती वही मी नंतर बघितली, तीनचार पानं नुसती 'येणे बाकी'.

ओपी (धागा काढणारा), तू पेनानं रेघा मारतोस ना, त्याची लाज बाळगू नको. वडील कपड्याच्या दुकानात गेले की आधी काठ उलटा करून बघायचे, दोन बोटांत चोळायचे, अन् हळूच मला म्हणायचे सूत साठ नंबरचं सांगतोय पण चाळीसचं, जाडं आहे. माझ्या लग्नात बायकोच्या मामींचा शालू त्यांनी असा चोळून बघितला होता, केवढा गोंधळ झालेला. गिरणी गेली पण बोटं कुठं जाणार.

आणि गंमत बघा, २०१२ ला गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली, तेव्हा सरकारला पुरावा हवा होता की हा माणूस गिरणी कामगार होता. वडील २००९ ला गेले होते. सत्तावीस वर्षं ज्याला लोक म्हणत होते की विसरा आता ती गिरणी, त्याचं तिकीट नंबराचं कार्ड आम्ही पत्र्याच्या पेटीत शोधत होतो. सापडलं, पखवाजाच्या पिशवीत.

बिनपदकाचा मेजर

सगळ्यांना रामराम. मी सातारा जिल्ह्यातला, सतरा वर्षं फौजेत, हवालदार म्हणून रिटायर झालो तेव्हा वय ३७. म्हणजे लोकांची जिथं सुरुवात होते तिथं आम्हाला निरोप. आमच्या भागात फौजेतनं आलेल्या कुणालाही मेजर म्हणतात, शिपाई असो नाहीतर सुभेदार. पहिल्यांदा मी दुरुस्त करायचो, अहो मेजर नाही हवालदार, मग बंद केलं. लोकांना सोपं पडतं.

घरी आल्यावर पहिलं वर्ष वाईट गेलं. पहाटे चारला उठायचो, अंथरूण अशी घडी घालायचो की बायको म्हणायची हे काय बॅरेक आहे का. पोराला बूट पॉलिश नाही म्हणून ओरडलो तर ते रडायला लागलं, सहा वर्षांचं होतं. तिथं सगळं ठरलेलं असतं, छातीवर नाव लिहिलेलं असतं, खांद्यावर काय ते लिहिलेलं असतं, समोरच्याला विचारावंच लागत नाही तू कोण. इथं साध्या शर्टात बँकेच्या लायनीत उभा राहिलो तर मीच मला ओळखू येईना.

पण एक मला मिळालं आणि तुला मिळत नाहीये, ते सांगायला लिहितोय. मला 'माजी' मिळालं. माजी सैनिक. त्याचं कार्ड असतं, कॅन्टीन असतं, १५ ऑगस्टला शाळेत खुर्ची असते. आपल्याकडं माजीला मान आहे बघ, एक टर्म सरपंच झालेला माणूस पुढची तीस वर्षं लग्नपत्रिकेत माजी सरपंच म्हणून छापून येतो, पडलेला असला तरी. तुमच्या परीक्षेत तेवढं माजी नाही. झाला तर अधिकारी, नाही झाला तर कोणीच नाही, मधल्या सात वर्षांचं काही नावच नाही. त्यामुळं पोरं लपून राहतात. तू स्वतःच लावून घे की, कोण परवानगी देणार आहे. इंटरव्ह्यूपर्यंत गेलेला माणूस आहेस, पळून आलेला नाहीस.

मी आता एका सोसायटीत सिक्युरिटी बघतो. तिथं पण मेजरच म्हणतात.

समुपदेशक, नाशिक

मेजरसाहेबांनी जे 'माजी'बद्दल लिहिलंय त्यावर अभ्यास झालेला आहे हे ऐकून त्यांना बरं वाटेल. हेलन रोझ ईबो नावाच्या एक समाजशास्त्रज्ञ, त्या स्वतः आधी नन होत्या, मग ते सोडलं, आणि त्यांनी घटस्फोटित, नोकरी सोडलेले, व्यसन सोडलेले अशा बऱ्याच लोकांशी बोलून हेच मांडलं की सोडलेली भूमिका पुसली जात नाही. तिचा उरलेला भाग घेऊनच माणूस नवा होतो, आणि 'माजी असणं' ही स्वतंत्र ओळख आहे, रिकामी जागा नाही. ओपीची पेनाची रेघ त्यातलीच. ती मोडायच्या मागं लागू नये असं मला वाटतं, तिला दुसरं काम द्यावं.

आणि काकू, 'आयडेंटिटी क्रायसिस' हा शब्द ज्यानं रूढ केला तो एरिक एरिक्सन, त्याचं जन्माचं आडनाव वेगळं, सावत्र वडिलांचं वेगळं, आणि अमेरिकेचं नागरिकत्व घेताना १९३९ मध्ये त्यानं एरिक्सन हे तिसरं लावून घेतलं. म्हणजे तुमचं प्रतिज्ञापत्र त्यालाही लागलं असतं.

लालबागकरांच्या वडिलांबद्दल मात्र थोडं वेगळं म्हणायचंय. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या येल विद्यापीठात पॅट्रिशिया लिनव्हिल यांनी मांडलं होतं की स्वतःकडं बघायच्या बाजू जितक्या जास्त आणि एकमेकींपासून सुट्या, तितका एका बाजूला बसलेला धक्का पूर्ण माणसाला लागत नाही. पखवाज आणि वही म्हणजे अगदी तेच. पण पुढं इतरांनी केलेल्या अभ्यासांत निकाल मिश्र आले, सगळ्यांना तसा फायदा दिसला नाही. माझ्याकडं येणाऱ्या मुलांना मी आधी सरळ सांगायचे की छंद जोपासा. आता नाही सांगत. कारण स्पर्धा परीक्षेचा मुलगा छंदाचाही सिलॅबस करतो. गिटारचा क्लास लावतो, तीन महिन्यांचं टाइमटेबल भिंतीला, आणि जमलं नाही की अजून एका परीक्षेत नापास! तुझ्याकडं आधीपासून काय आहे ते बघ. पुण्यात यायच्या आधी काय करायचास? गाईची धार काढता येते का? खोलीत पाच जणांत भांडण झालं की कोण मिटवायचं? हे विचारलं की बहुतेक मुलं आधी गप्प बसतात, मग बोलतात ते थांबत नाहीत.

एक महत्त्वाचं. साडेपाचला जाग येणं वेगळं आणि रात्र रात्र झोपच नसणं, जेवण तुटणं, जगून काय उपयोग असं वाटणं वेगळं. दुसऱ्यातलं काही असेल तर इथं लिहीत बसू नकोस, टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ फुकट आहे, मराठीत बोलतात, कधीही लाव.

अजून टेबलवरच

मी ३६. अजून देतोय. हा धागा वाचायला नको होता, उद्या टेस्ट आहे.

ओपी भाऊ, एक विचारू? सोडल्यावर पहिल्या दिवशी काय केलंत?

टेबल नंबर ४२

पहिल्या दिवशी झोपलो भाऊ. दुपारी दोनपर्यंत. उठून वडापाव खाल्ला आणि परत झोपलो. तुमची टेस्ट चांगली जाऊ दे, मनापासून म्हणतोय.

समुपदेशक ताई, झोप लागते, जेवतो पण, तसलं काही नाही. नंबर सेव्ह करून ठेवलाय, रूमवरच्या एकाला पण पाठवला. भांडण कोण मिटवायचं विचारलंत ना, मीच मिटवायचो. लाईट बिल, पाण्याचा ड्रम, कोण आधी आंघोळीला जाणार, सगळं माझ्याकडं यायचं. एकदा मालकानं डिपॉझिट कापलं तेव्हा मी त्याला भाडेकराराचा कागद दाखवून पैसे परत आणले होते, पाचही जणांचे. हे मी कधी कुठं धरलंच नाही, बायोडाटात तर नाहीच.

स्पष्ट बोलतो राग नसावा

वर जरा कडक लिहिलं गेलं. माझा पण २००३ ला कारखाना बंद पडला होता, मी चार महिने घरी सांगितलं नव्हतं. असो.

टेबल नंबर ४२

लग्न झालं. सांगायचं म्हणून आलो.

हळदीच्या दिवशी मंडपात खुर्च्या मांडत होतो आणि मामांनी विचारलंच, सगळ्यांसमोर. काय मग साहेब, लागला का निकाल? मी म्हणलं मामा सोडली. सात वर्षं केली, इंटरव्ह्यूपर्यंत गेलो, ४ मार्कांनी राहिलं, आता वाघोलीला गोडाऊनला आहे. एका दमात म्हणलं, आधी चार दिवस बाथरूममध्ये पाठ केलं होतं, खोटं कशाला बोला. मामा माझ्याकडं बघत राहिले. म्हणले ४ मार्क? म्हणलं हां. म्हणले बरं, पंगतीला वाढायला माणूस कमी आहे, शर्टाच्या बाह्या वर कर आणि ये.

तर दोन तास वांग्याची भाजी वाढली. एका म्हाताऱ्या आजीनं विचारलं कुणाचा रं तू, तर मी आजोबांचं नाव सांगितलं आणि तिला सगळं कळलं, कुठलं घर, कुठली विहीर, डाळिंब काढलं ते पण.

आईनं मात्र नवरदेवाकडच्या पाव्हण्यांना परत तेच सांगितलं, परीक्षा देतो म्हणून. मी मागंच उभा होतो. म्हणलं आई. तर म्हणली अरे देत होतास ना. तिचं काय करायचं ते अजून कळलेलं नाही, कुणाला सुचलं तर लिहा.

आणि काकू, गेलो होतो डबा घ्यायचो तिथं. ती वेगळी मेस निघाली, तुम्ही नाही. त्यांनी मला ओळखलं नाही आधी, मग म्हणल्या ताकात मीठ नको तो का? जेवू घालूनच पाठवलं. तुमच्या त्या प्रतिज्ञापत्राचा मजकूर पूर्ण टाका ना एकदा, मला पण एक करून ठेवावं वाटतंय.

डबेवाली काकू

ताकात मीठ नको म्हणणारी पोरं तीनच बघितली मी. बरं झालं जाऊन आलास.

मजकूर टाकते रात्री, डबे गेल्यावर. पण बाळा मी केलं तेव्हा स्टॅम्पपेपर शंभरचा होता, आता पाचशेचा झालाय. तू आपला साध्या कागदावर लिही.